डाव्या हाताकडे लक्ष ठेवा

साल 1936. धरमतरच्या धक्क्यावर तुम्ही भरतीची वाट पाहत उभे आहात. पाणी चढतं, बोट सुटते. मिठागरं मागे पडतात, अंबेची खाडी रुंदावते. डावीकडे रेवस, उजवीकडे करंजा. शेजारी पेणकडची भजनी मंडळी बसलीय. बुवा पेटी पुढ्यात ओढून सूर धरतात. त्यांचा डावा हात बघून ठेवा: तो भाता हलवतोय. सूर सगळे उजव्याचे.

भाऊच्या धक्क्यावर उतरून ताजमहाल हॉटेल गाठा. एरवी धोतर पाहूनच दरवानाने हटकलं असतं, पण काळ ओलांडून आलेल्याला कोण अडवणार? नाचाच्या दालनात क्रिकेट स्मिथचा जॅझ बँड रंगात आलाय (नाव क्रिकेट, वाजवतो मात्र ट्रम्पेट). पियानोवर टेडी वेदरफोर्ड. दहा वर्षांपूर्वी हा शिकागोत लुई आर्मस्ट्राँगच्या जोडीने वाजवत होता. तिथून जहाजाने पूर्वेकडे निघाला, शांघायमध्ये रमला आणि आता मुंबईत आहे.

त्याच्या मागे जाऊन उभे राहा. डावा हात खर्जात एक सूर ठोकतो, उडी मारून वर तीन-चार पट्ट्या एकदम दाबतो, पुन्हा खाली झेपावतो. नजर पट्ट्यांवर नाही, नेम चुकत नाही. या वादनाला स्ट्राइड म्हणतात. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये जेम्स पी. जॉन्सन आणि फॅट्स वॉलर यांनी ते घडवलं, आणि त्यामागे गरज होती. घरभाडं जमवायला लोक घरीच तिकीट लावून नाच ठेवायचे. वाजवणारा एकटा, सोबत ना ड्रम ना बास. मग खर्ज आणि ताल, दोन्ही डाव्या हाताच्या गळ्यात. बुवांचा डावा हात श्वास पुरवतो. इथला अख्खा संसार चालवतो.

आता थोडं भरभर चला. 1945 : वेदरफोर्ड कलकत्त्यात पटकीने जातो, वय अवघं एकेचाळीस. त्याच सुमारास न्यूयॉर्कमध्ये पियानोवादक बड पॉवेल डाव्या हाताचं ओझं उतरवतोय. बास आणि ड्रम शेजारी असताना त्याने का राबावं? तो अधूनमधून दोन-तीन सुरांचा ठोसा देतो, आणि उजवा सुसाट धावतो. मला विचाराल तर या सुटकेत थोडं नुकसानही झालं. एकट्या माणसाने सभागृह हलवण्याची ती मस्ती पुढे क्वचितच दिसते.

1958, पुन्हा मुंबई. अमेरिकन सरकारने दौऱ्यावर पाठवलेला पियानोवादक डेव्ह ब्रूबेक आलाय. बासवर यूजीन राइट, ड्रमवर जो मोरेलो, तरी हा गडी दोन्ही हातांनी जाडजूड स्वरसमूह रचतोच. फॅशनची पर्वा नाही. इथेच तो अब्दुल हलीम जाफर खानांच्या सतारीबरोबर बसतो. दोघांच्या बोटांवर लक्ष ठेवा. भाषा वेगळी, पण उपज दोघांनाही जागेवरच सुचतेय.

मायदेशी परतून ब्रूबेकने या दौऱ्यावर एक अख्खी तबकडी काढली. तिच्यात कलकत्त्याच्या नावाची रचना आहे. मुंबईच्या नावाची नाही.