दुःखाचे वर्ष आणि दिलाशाची परंपरा

कुरआनात 'खौफ' आणि 'हुज्न' हे दोन शब्द अनेक ठिकाणी जोडीने येतात. खौफ म्हणजे पुढे येणाऱ्या संकटाचे भय आणि हुज्न म्हणजे हातून गेलेल्याचे दुःख. माणसाच्या मनाला छळणारे बहुतेक सारे या दोन शब्दांत सामावते. श्रद्धावंतांना या दोहोंतून मुक्त करण्याचे अभिवचन अल्लाहने दिले आहे. परंतु आपल्या समाजात या अभिवचनाचा अर्थ पुष्कळदा असा लावला जातो, की ज्याचे ईमान पक्के त्याला भय वाटता कामा नये, त्याच्या डोळ्यांत पाणी येता कामा नये. मयतीच्या घरी रडणाऱ्या आईला 'रडू नका, ईमान कमजोर होते' असे बजावणारी माणसे प्रत्येक मोहल्ल्यात भेटतात. हा अर्थ इतिहासाला मान्य आहे काय, हे आपण प्रेषितांच्या चरित्रातूनच पाहू.

इ. स. ६१० मध्ये हिराच्या गुहेत पहिली वह्य अवतरली, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) चाळीस वर्षांचे होते. ते घरी आले ते थरथरत. आपल्याला पांघरूण घाला, असे त्यांनी घरच्यांना सांगितले. आपल्या जिवाचे भय वाटते, हेही त्यांनी पत्नी हजरत खदीजा (रजि.) यांच्यापासून लपवले नाही. खदीजांनी त्यांना 'घाबरू नका' एवढेच सांगून सोडून दिले नाही. आपण नातेवाइकांना धरून राहता, दुबळ्यांचा भार उचलता, पाहुण्यांचा आदर करता, मग अल्लाह आपल्याला वाऱ्यावर कसा सोडील, असा युक्तिवाद त्यांनी केला. त्यानंतर आपले वृद्ध आणि ज्ञानी चुलतभाऊ वरका बिन नौफल यांच्याकडे त्या त्यांना घेऊन गेल्या. इस्लामच्या इतिहासातील हा पहिला दिलासा आणि तो एका स्त्रीने दिला, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

पुढे कुरैशांचा छळ वाढत गेला. बनू हाशिम घराण्यावर बहिष्कार टाकण्यात आला आणि सुमारे तीन वर्षे हे घराणे अबू तालिब यांच्या घाटीत कोंडले गेले. धान्याची आवक रोखली गेली. भुकेल्या मुलांचे रडणे घाटीबाहेर ऐकू जाई, असे चरित्रकार नोंदवतात. बहिष्कार उठला, पण त्यानंतर थोड्याच अवधीत, इ. स. ६१९ मध्ये, अबू तालिब आणि हजरत खदीजा हे दोन्ही आधार गेले. एकाने घराबाहेर संरक्षण दिले होते, दुसरीने घरात पंचवीस वर्षे साथ दिली होती. सीरतच्या परंपरेत हे वर्ष 'आमुल हुज्न' म्हणजे 'दुःखाचे वर्ष' या नावाने ओळखले जाते. नावातच दुःखाची कबुली आहे. दुःख होणे ही ईमानातील उणीव असती, तर प्रेषितांच्या आयुष्यातील एका अख्ख्या वर्षाला मुस्लिमांनी हे नाव दिलेच नसते.

या दुःखातच ते हजरत जैद बिन हारिसा (रजि.) यांना घेऊन ताइफला गेले. तेथील सरदारांनी त्यांना झिडकारले आणि गावातील टवाळांना त्यांच्या मागे लावले. दगडांचा मारा झाला, पाय रक्ताने माखले. एका मळ्याच्या आश्रयाला बसून त्यांनी आपल्या दुबळेपणाचे गाऱ्हाणे अल्लाहपुढे मांडले. त्या वेळी द्राक्षांचा घोस घेऊन पुढे आला तो अद्दास, निनेव्हाचा एक ख्रिस्ती गुलाम. मक्केत परतताना संरक्षण दिले ते मुत्इम बिन अदी यांनी. ते मुस्लिम नव्हते, तरीही त्यांचे उपकार प्रेषित विसरले नाहीत. इ. स. ६२४ च्या बद्रच्या लढाईनंतर, मुत्इम हयात असते आणि त्यांनी शब्द टाकला असता, तर सारे कैदी आपण सोडून दिले असते, असे उद्गार त्यांनी काढले. अल्लाहची मदत अनेकदा माणसाच्या हातून येते आणि तो माणूस आपल्याच धर्माचा असेल असे नाही, ही शिकवण ताइफच्या वाटेवर मिळते.

तीन वर्षांनी, इ. स. ६२२ मध्ये, हिजरतच्या वेळी आणखी एक गुहा येते, सौरची. कुरैशांनी पकडून देणाऱ्यास शंभर उंटांचे इनाम लावले होते. शोध घेणारे गुहेच्या तोंडाशी पोहोचले, तेव्हा हजरत अबू बक्र (रजि.) व्याकूळ झाले. त्या वेळी प्रेषितांनी त्यांना दिलेल्या दिलाशाची नोंद सूरह तौबामध्ये आहे. प्रसंग भयाचा असूनही तेथे शब्द 'हुज्न'चा आला आहे. अबू बक्र यांना स्वतःच्या जिवाची नव्हे, प्रेषितांची काळजी होती, असे भाष्यकार त्यावरून सांगतात. बारा वर्षांपूर्वी एका गुहेतून थरथरत आलेल्या प्रेषितांना खदीजांनी धीर दिला होता. आता दुसऱ्या गुहेत ते स्वतः सोबत्याला धीर देत होते.

हा धीर म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हते. मदीना मक्केच्या उत्तरेस, पण सौर दक्षिणेस, म्हणजे शोधणाऱ्यांची दिशाच चुकावी. अबू बक्र यांचे पुत्र अब्दुल्लाह दिवसभर मक्केतील खबर काढून रात्री गुहेत येत. आमिर बिन फुहैरा शेळ्यामेंढ्या त्या वाटेने हाकत, त्यामुळे पावलांच्या खुणा पुसल्या जात. हजरत अस्मा (रजि.) यांनी शिदोरी बांधून दिली. वाटाड्या नेमला तो अब्दुल्लाह बिन उरैकित, तोही मुस्लिम नव्हता. तीन रात्रींनंतर प्रवास सुरू झाला. तवक्कुल म्हणजे सर्व उपाय करून निकाल अल्लाहवर सोपवणे, याचा याहून स्पष्ट धडा दुसरा नाही.

इ. स. ६३२ च्या आरंभी प्रेषितांचा तान्हा मुलगा इब्राहीम वारला. त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना आश्चर्य वाटले. तेव्हा ही अल्लाहने हृदयात ठेवलेली दया आहे, डोळे रडतात, मन दुःखी होते, पण जिभेने आपण अल्लाहला न रुचणारे बोलत नाही, असा खुलासा त्यांनी केला. त्याच दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक त्याचा संबंध मुलाच्या मृत्यूशी जोडू लागले, तेव्हा कोणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नाही, असे त्यांनी स्पष्ट केले. स्वतःच्या शोकाच्या दिवशीही त्यांनी अंधश्रद्धेला थारा दिला नाही.

त्याच वर्षी प्रेषितांचे निधन झाले. मदीना सुन्न झाली. हजरत उमर (रजि.) यांच्यासारखा खंबीर माणूसही निधनाची वार्ता मानायला तयार नव्हता. तेव्हा सौरच्या गुहेत ज्यांना धीर मिळाला होता, ते अबू बक्र पुढे आले. आधी त्यांनी प्रेषितांच्या चेहऱ्यावरील चादर दूर करून चुंबन घेतले आणि ते रडले. मग मस्जिदीत येऊन, मुहम्मद (स.) यांना मृत्यू आला, पण अल्लाह चिरंजीव आहे, हे त्यांनी लोकांना सांगितले आणि सूरह आले इम्रानमधील आयत पठण केली. जणू ती आयत आजच ऐकली, असे लोकांना वाटले. हजरत उमर यांच्या पायांतील बळ गेले आणि ते खाली बसले. रडणारा आणि सावरणारा माणूस येथे एकच आहे.

खदीजांकडून प्रेषितांकडे, प्रेषितांकडून अबू बक्र यांच्याकडे आणि अबू बक्र यांच्याकडून साऱ्या मदीनेकडे, असा हा दिलासा हातोहात पुढे गेला. ईमान हे भय आणि दुःखावरचे औषध आहे खरे, पण ते रुग्णापर्यंत कोणीतरी पोहोचवावे लागते. इ. स. ६२९ मध्ये मूताच्या लढाईत हजरत जाफर (रजि.) शहीद झाले, तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, त्यांच्यावर दुःखाचा प्रसंग आला आहे, अशी सूचना प्रेषितांनी दिली. आपल्याकडे शेजारी मयतीच्या घरी जेवण पाठवतात, ती याच सुन्नतची खूण. पण तिसऱ्या दिवसाच्या जियारतीला आणि चाळिसाव्याला त्याच घराने कर्ज काढून मोहल्ल्याला जेवू घालावे, हा मात्र त्या सूचनेचा उलटा अर्थ झाला.

२०२०-२१ च्या करोनाकाळात दफनाला मोजकीच माणसे असत आणि ताजियतला येणारे दारातूनच परतत. दिलाशाविना दुःख किती जड होते, हे तेव्हा आपण सर्वांनी अनुभवले. आमच्या उर्दू शाळांतही वडील गमावलेली मुले पुन्हा वर्गात येऊन बसतात. त्यांना 'सब्र कर' हे दोन शब्द पुरत नाहीत. त्यांची वही, त्यांची फी, त्यांच्या आईची इद्दत आणि त्या काळातील घरखर्च यांची विचारपूस करणारे कोणीतरी लागते. सीरतच्या जलशांतून आपण दुःखाच्या वर्षाचा प्रसंग दरवर्षी ऐकतो. तो ऐकून घरी जाताना वाटेवरच्या एखाद्या शोकाकुल घराचे दार आपण ठोठावले, तर ऐकणे सार्थकी लागेल.