गुणवत्ता जन्मजात असते काय? मरियम मिर्झाखानीची साक्ष

आपल्याकडे ‘मेरिट’ हा शब्द वतनदारीसारखा वापरला जातो. ज्याच्याकडे ते आहे त्याला ते जन्मतःच मिळालेले असते, आणि इतरांना संधी दिली की दर्जा घसरतो, असा हा युक्तिवाद. तो तपासायचा असेल तर इराणच्या मरियम मिर्झाखानीचा इतिहास वाचावा.

मरियमचा जन्म १९७७ सालचा, तेहरानचा. फर्जानेगान या मुलींच्या शाळेत पहिल्या वर्षी गणिताच्या शिक्षकांना तिच्यात विशेष काही दिसले नाही. तिचा गणितातला रसच गेला. त्याच वर्षी कोणी तिचे मेरिट मोजून शिक्का मारला असता तर? पुढच्या वर्षी प्रोत्साहन देणारे शिक्षक मिळाले आणि तीच मुलगी पुढे आली.

नंतर तिच्या आणि तिची मैत्रीण रोया बेहेश्ती हिच्या हाती एका राष्ट्रीय स्पर्धेचे सहा प्रश्न लागले. काही दिवस झटून दोघींनी तीन सोडवले. मग त्या मुख्याध्यापिकांकडे गेल्या: मुलांच्या शाळेत असे प्रश्न सोडवण्याचे वर्ग चालतात, ते आम्हालाही हवेत. मुख्याध्यापिकांनी मागणी मान्य केली. १९९४ साली हाँगकाँगच्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये मरियमने ४२ पैकी ४१ गुणांसह सुवर्णपदक मिळवले. १९९५ मध्ये टोरांटोला ४२ पैकी ४२!

कोणी म्हणेल, ती प्रवेश परीक्षा देऊन आलेली हुशार मुलगीच होती. होतीच. पण मग त्या हुशार मुलींच्या शाळेत ते वर्ग आधी का नव्हते? उणीव मुलींच्या बुद्धीत नव्हती, व्यवस्थेत होती.

पुढे शरीफ विद्यापीठ, हार्वर्डमध्ये कर्टिस मॅकमलन यांच्या मार्गदर्शनाखाली २००४ मध्ये पीएचडी आणि स्टॅनफर्डमध्ये प्राध्यापकपद. ऑलिंपियाडमध्ये तीन प्रश्नांना साडेचार तास मिळतात. प्राध्यापक मरियम मात्र स्वतःला संथ म्हणायची आणि एकेका प्रश्नाशी वर्षानुवर्षे झुंजायची. म्हणजे घड्याळ लावून घेतलेली परीक्षासुद्धा माणसाची पूर्ण कुवत सांगत नाही.

२०१४ मध्ये तिला फील्ड्स पदक मिळाले. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाची ती पहिली महिला मानकरी. २०१७ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचा मृत्यू झाला.

त्या ७८ वर्षांत जगात बुद्धिमान स्त्रिया नव्हत्या काय? होत्या. त्यांच्यासाठी वर्ग उघडले गेले नव्हते. म्हणून कोणाचे मेरिट काढण्याआधी एवढेच विचारावे: त्याच्या शाळेत तो वर्ग होता का?