कोपरा फाटलेले कार्ड

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा सरकारी कागदांवरून लिहिला गेला आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात गाठीचा ताप दिसला, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला, घरे तपासली गेली, माणसे छावण्यांत हलविली गेली, हे सारे त्या कागदांत तपशीलवार सापडते. १९१८ च्या मानमोडीने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, तिचेही आकडे सापडतात. परंतु त्या दिवसांत गावच्या शाळेत जाणाऱ्या सात-आठ वर्षांच्या पोराला घरात कोणी काय सांगितले, आणि त्याने कोणाला काय वाचून दाखविले, हे विचारण्याची त्या कागदांना गरज भासली नाही. २०२० च्या मार्चमध्ये १८९७ चा तोच कायदा महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला आणि शाळांना कुलुपे लागली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. मोठ्या प्रदेशाचा विचार करण्यापेक्षा तो मी जामनेर तालुक्यापुरता मांडून पाहतो.

जामनेर हे कांग नदीच्या काठचे, अजिंठ्याच्या डोंगराच्या उत्तरेचे गाव. भोवती कपाशीची काळी जमीन. पहूर, नेरी, शेंदुर्णी, फत्तेपूर ही बाजाराची गावे. मधूनमधून बंजारा तांडे. घरात कोणी तावडी बोलतो, कोणी लेवा गणबोली, तांड्यावर गोरमाटी. पुस्तकातली मराठी ही येथल्या पुष्कळ मुलांची दुसरी भाषा असते आणि तिची पहिली ओळख होते ती पहिली-दुसरीच्या वर्गात, गुरुजींच्या तोंडून. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे शाळा बंद होणे याचा अर्थ येथे काय होतो ते समजते.

शाळेचे दुसरेही एक काम एके काळी होते, आणि ते पुस्तकात लिहिलेले नव्हते. १ जुलै १८७९ रोजी पैशाचे पोस्टकार्ड निघाले आणि गरिबाच्या घरीही पत्र येऊ लागले. पण १९११ च्या शिरगणतीत हिंदुस्थानात शेकडा सहा माणसेदेखील साक्षर नव्हती. बायकांत तर हे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास होते. मग पत्र वाचायचे कोणी? पुष्कळ खेड्यांत शाळामास्तर हाच पोस्टमास्तरही असे. कार्ड त्याच्या हाती पडे, तोच ते वाचून दाखवी आणि उत्तरही तोच लिहून देई. मास्तर नसेल तर शाळेतले चौथीतले पोर बोलावले जाई. आजी जवळ बसून ऐके, पोर अक्षराला अक्षर जोडून वाची, आणि सासरच्या लेकीची खुशाली घराला कळे. घरातली बोलाचाली अशी शाळेवरून जात असे.

या व्यवहाराला काही रीतिभाती होत्या. लग्नाच्या पत्राला हळदकुंकवाची बोटे लागत. मरणाच्या कार्डाचा एक कोपरा फाडलेला असे. टपालवाल्याने असे कार्ड पुढे केले की अक्षरशत्रू माणसालाही कळे की घरात कोणी गेले आहे. कोण गेले एवढेच विचारायचे उरे. जुनी माणसे सांगत की असे कार्ड पोराच्या हाती वाचायला देत नसत. ते ओसरीवर थांबे, कोणी जाणता माणूस ते वाची, आणि वाचून झाल्यावर ते फाडून टाकीत. घरात ठेवीत नसत. निरक्षर समाजाने आपल्या निरक्षरपणावर शोधलेला हा तोडगा होता. पण त्याच तोडग्याने घरातले लहान मूल नकळत सांभाळले जात होते. दुःखाची बातमी आणि मूल यांच्यामध्ये एक मोठे माणूस उभे राहावे, इतकी सोय त्या फाटलेल्या कोपऱ्यात होती.

साथीच्या काळातही ही सोय मोडली नसावी असे मला वाटते. प्लेगात माणसे गावे सोडून शेतांत, माळांवर झोपड्या घालून राहात. शाळा बंद पडली तरी अक्षर जाणणारा माणूस त्याच माळावर असे. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले पुण्यात वारल्या त्या प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना. शिकविणारे माणूस साथीत लोकांपासून दूर जात नाही, उलट जवळ येते, याचे ते सर्वांत मोठे उदाहरण आहे. २०२० च्या साथीने नेमके हेच अशक्य करून टाकले. जवळ येणे हाच अपराध झाला.

आता त्या साथीचा क्रम पाहू. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातले पहिले रोगी सापडले. आठवडाभरात शाळा बंद होऊ लागल्या. २० मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि २५ मार्चपासून सारा देश घरात बसला. पाचोऱ्याहून जामनेरला येणारी लहान रुळांची गाडी, लोकांची ‘पी. जे.’, तीही त्याच मार्चमध्ये थांबली आणि साथ ओसरल्यावरही सुरू झाली नाही. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून उघडू लागले. पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून. आणि दुसऱ्या लाटेत ते पुन्हा मिटले. पहिली ते चौथीची मुले मात्र ग्रामीण भागात १ डिसेंबर २०२१ रोजी वर्गात आली. वीस महिन्यांहून अधिक काळ! जे मूल जून २०२० मध्ये पहिलीत दाखल झाले, त्याने वर्गाची पायरी चढली तेव्हा ते दुसरीत अर्धे वर्ष काढून बसलेले होते. अक्षरे गिरविण्याचे जे वय, तेच नेमके वाया गेले.

सरकारने आणि शिक्षकांनी हात बांधून बसणे पसंत केले नाही, हे नमूद केले पाहिजे. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून पाठविण्याचा उपक्रम चालविला. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या मुलांसाठीची मालिका सुरू झाली. जव्हारकडे ध्वनिक्षेपकावरून ‘बोलकी शाळा’ भरली; सोलापूरच्या नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगविले गेले. पोषण आहाराचे तांदूळ आणि कडधान्य शिजण्याऐवजी कोरडेच घरी गेले. आमच्याकडचे कितीतरी गुरुजी आणि बाई सर्वेक्षणाची कामे करता करता देवळाच्या ओट्यावर, निंबाच्या सावलीत चार-चार पोरे अंतराने बसवून शिकवीत होते.

परंतु मुख्य भार पडला तो घरातल्या फोनवर. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी २०१८ साली शेकडा ३६.५ मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२० साली ते प्रमाण ६१.८ झाले. आकडा वाढला, पण फोन घरात असणे आणि तो मुलाच्या हाती असणे यांत अंतर आहे. फोन सकाळी बापाबरोबर शेतात किंवा बाजारात जाई आणि दिवेलागणीला परत येई. मग तीन भावंडांत तो फिरे. मोठा आठवीत म्हणून पहिला मान त्याचा, धाकटी दुसरीत म्हणून तिची पाळी झोपेच्या वेळी. ‘रिचार्ज’ संपला की शाळाही संपली.

यातून जी गोष्ट घडली ती पुरेशी कोणी पाहिली नाही असे मला वाटते. पूर्वी घराची बातमी शाळेवरून येत असे. आता शाळा घराच्या बातमीवरून येऊ लागली. एकाच फोनमध्ये वर्गाचा गट आणि भाऊबंदांचा गट शेजारी शेजारी आले, आणि दोन्ही वाचणारे माणूस एकच होते: घरातले मूल. पुष्कळ घरांत आजी निरक्षर, आईला जेमतेम सही करता येणारी. आलेले सारे मुलानेच वाचायचे.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट भरात असताना, तालुक्यातल्या एका घरी मी हे डोळ्यांनी पाहिले. चौथीतली मुलगी ओट्यावर बसून बाईंनी पाठविलेली गणिते वहीत उतरवून घेत होती. मध्येच फोन वाजला. हार घातलेला एक फोटो आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. तो तिच्या आजीच्या भावाचा होता. पोरीने तो पाहिला, फोन पालथा ठेवला आणि उरलेले गणित पुरे केले. आजीने आतून विचारले, “काय आलं गं?” ती म्हणाली, “अभ्यास आला.” बाप संध्याकाळी शेतातून आल्यावर तिने त्याला एकट्याला गाठून सांगितले. तोवर चार तास ते मरण त्या नऊ वर्षांच्या पोरीने एकटीने सांभाळले होते. त्या बातमीला फाटलेला कोपरा नव्हता. गणित आणि मरण एकाच पाटीवर, एकाच आवाजाने आले होते.

याचा अर्थ फोन वाईट असा मी काढीत नाही. सुरतेला अडकलेला बाप त्याच फोनवरून रोज रात्री मुलांशी बोलत होता. कार्डाच्या काळी त्याची खुशाली कळायला कित्येक दिवस लागले असते. माझे म्हणणे इतकेच की कार्डाबरोबर रीत वाढत गेली होती, आणि फोन रीतीशिवाय आला. आणि गंमत अशी की त्या मुलीने ती रीत आपल्या बुद्धीने पुन्हा शोधून काढली. बातमी आणि आजी यांच्यामध्ये एक माणूस उभे राहिले पाहिजे हे तिला समजले. फक्त ते माणूस होण्याचे तिचे वय नव्हते.

शाळा उघडल्यावर आपण हिशेब केला तो अक्षरांचा. तो करायलाच हवा होता. ‘असर’च्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात तिसरीतल्या शंभरांपैकी वीस-एकवीस मुलांनाच दुसरीचा धडा वाचता आला, २०१८ साली हे प्रमाण सत्तावीस होते. ही तूट भरून काढण्याचे काम शिक्षकांकडून वर्षानुवर्षे व्हावे लागेल. पण जी मुले वाचू शकत होती त्यांनी त्या दिवसांत काय काय वाचले, याचा हिशेब कोणत्याच पाहणीत नाही.

तो ठेवण्याची परंपरा खानदेशाला परकी नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवीत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. मुलाला जे सांगायचे ते आपल्या हाताने, त्याच्या मनाचा विचार करून लिहावे, ही त्यामागची दृष्टी. बहिणाबाई चौधरींना अक्षर येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि भाऊबंदांतले पितांबर चौधरी यांनी लिहून घेतली म्हणून त्यांची गाणी १९५२ साली लोकांसमोर आली. लिहून घेणारा कोणी भेटला नाही तर घरातला शब्द घरातच विरतो, हे या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असावे?

साथीच्या वर्षांत पहिली ते चौथीत असलेली मुले आता मोठी होत चालली आहेत. आणखी थोड्या वर्षांनी ती कामाधंद्याला लागतील आणि त्या दिवसांबद्दल विचारले तर ‘शाळा बंद होती’ एवढेच सांगतील. म्हणून तालुक्यातल्या शाळांना माझी एक सूचना आहे. वर्गात एक कोरी वही ठेवावी आणि या मुलांना बोलावून एकच प्रश्न विचारावा: घरातली सगळ्यांत वाईट बातमी तुला कोणी सांगितली, की तीच तू कोणाला सांगितलीस? उत्तर ज्या बोलीत येईल त्या बोलीत लिहून घ्यावे. पुढे कोणी या साथीचा इतिहास लिहायला बसला तर सरकारी कागदांच्या शेजारी त्याला ती वही मिळाली पाहिजे.