मुक्या जिवाचा वैद्य

माणूस आजारी पडला म्हणजे तो आपला वैद्य आपण निवडतो. कोठे दुखते ते सांगतो, औषधाने उतार पडेना तर दुसऱ्याचे दार ठोठावतो आणि बरा झाल्यावर चार लोकांत त्या वैद्याची कीर्ती गातो. घरातल्या कुत्र्याला किंवा मांजराला यांतले एकही स्वातंत्र्य नाही. त्याचा वैद्य दुसराच कोणी निवडतो, त्याचे दुखणे दुसराच कोणी सांगतो आणि उपचार योग्य झाला की अयोग्य, याचा निवाडाही दुसराच करतो. हा दुसरा कोण, या प्रश्नाचे उत्तर मात्र काळाप्रमाणे बदलत आले आहे. कधी तो राजा होता, कधी धर्मशील व्यापारी होता, कधी सरकार होते. आज गल्लीच्या तोंडाशी पशुवैद्याची पाटी दिसते आणि निवडीचा अधिकार सामान्य गृहस्थाच्या हाती आला आहे. हा अधिकार किती नवा आहे आणि त्याच्यासोबत कोणते कर्तव्य आले आहे, हे समजून घ्यावयाचे तर आपणांस थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्या देशात पशुचिकित्सेचा उल्लेख फार जुना आहे. इ. स. पूर्वी तिसऱ्या शतकात कोरलेल्या गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात अशोकाने माणसांची आणि पशूंची अशा दोन्ही चिकित्सांची व्यवस्था केल्याचे सांगितले आहे. ज्या ठिकाणी औषधी वनस्पती नव्हत्या, तेथे त्या आणवून लावल्याचेही त्यात नमूद आहे. अश्ववैद्यक शालिहोत्राच्या नावाने प्रसिद्ध झाले, तर हत्तींचा आयुर्वेद पालकाप्य मुनींनी अंगदेशाच्या रोमपाद राजाला सांगितला, अशी परंपरा आहे. घोड्यांच्या वैद्याला पुढे कित्येक शतके ‘सलोत्री’ म्हणत. या शब्दात शालिहोत्राचेच नाव झिजून उरले आहे. परंतु घोडा आणि हत्ती यांना लाभलेले हे शास्त्रवैभव कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला आले नाही. कारण उघड आहे. घोडा आणि हत्ती हे राज्याचे बळ होते. ज्या पशूवर सैन्य चाले, त्याच्यासाठी ग्रंथ झाले. जो उंबऱ्यावर निजे, त्याच्यासाठी उरले ते आजीबाईच्या बटव्यातले चार उपाय.

तथापि या राजाश्रयी वैद्यकात एक गोष्ट अशी होती की तिची आठवण आजही ठेवावी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या प्रकरणी घोड्यांच्या वैद्यांची जबाबदारी निश्चित केलेली आहे. उपचारातील किंवा औषधातील दोषामुळे रोग वाढला तर उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड, आणि त्या दोषापायी परिणाम अगदीच उलटा झाला तर जनावराच्या किमतीइतका दंड, असा तो नियम आहे. जनावर तक्रार करू शकत नाही, म्हणून त्याच्या वतीने जाब विचारणारा कोणी तरी असला पाहिजे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले दिसते. तेथे जाब विचारणारा राजा होता, कारण घोडा त्याचा होता.

मराठ्यांच्या पागेतही हीच दृष्टी आढळते. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत शिवछत्रपतींच्या घोडदळाची रचना सांगताना पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद नेमल्याचे वर्णन येते. पाणी आणि खूर या दोन गोष्टी सांभाळल्या म्हणजे घोड्याची निम्मी दुखणी टळतात, हे त्या काळच्या अनुभवी लोकांस पक्के ठाऊक होते. ग्वाल्हेर, इंदूर आणि बडोदे येथील आमच्या वाचकांना पागा आणि पीलखाना हे शब्द घरचेच वाटतील. या घोडदळात बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. बारगिराचा घोडा सरकारचा, तेव्हा त्याची चिंता सरकारला. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, तेव्हा त्याच्या दाणावैरणीचा आणि दुखण्याभाण्याचा भार शिलेदारावरच. आजचा पाळीव प्राण्याचा धनी हा या अर्थाने शिलेदार आहे. त्याच्या वतीने कोणतीही पागा पाहणी करावयास येत नाही.

राजसत्तेच्या गरजेबाहेरचा पशू सार्वजनिक विचाराचा विषय झाला तो मुंबईत, आणि तोही एका दंग्यातून. बेवारशी कुत्री मारणाऱ्यास बक्षीस देण्याची पद्धत इंग्रज सरकारने तेथे सुरू केली होती. १८३२ च्या जून महिन्यात या कुत्तेमारीविरुद्ध पारशी समाज खवळून उठला, दुकाने बंद पडली आणि शहराचा व्यवहार थांबला. दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातील व्यापारी यांच्या पुढाकाराने भुलेश्वरच्या परिसरात पांजरपोळ उभा राहिला. ज्याचा कोणाला उपयोग नाही अशा जिवालाही आसरा द्यावा, ही भावना त्याच्या मुळाशी होती. पण दया ही आसरा देते. निदान करीत नाही. त्यासाठी शास्त्र हवे होते.

ते शास्त्र युरोपात एका गुरांच्या साथीने जन्माला घातले होते. बुळकांडी रोगाने फ्रान्समधील गुरे पटापट मरू लागली, तेव्हा क्लोद बूर्झला याने लियों शहरात जगातील पहिली पशुवैद्यक शाळा स्थापन केली. १७६१ साली तिला मंजुरी मिळाली आणि पुढल्या वर्षी ती सुरू झाली. आपल्याकडे मुंबईत १८७४ साली प्राण्यांचा छळ थांबविण्यासाठी एक मंडळी निघाली. त्यानंतर सर दिनशा पेटिट यांच्या औदार्यातून परळ येथे त्यांच्या पत्नी साकरबाई यांच्या नावाचे प्राण्यांचे इस्पितळ उभे राहिले, आणि त्याच आवारात १८८६ साली मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. जेम्स हेन्‍री स्टील हे त्याचे पहिले प्राचार्य. पुण्यातही १८८९ साली पशुरोगांच्या संशोधनासाठी प्रयोगशाळा निघाली. ती १८९३ साली कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली आणि तिच्यातूनच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था वाढली. ज्या बुळकांडीने लियोंची शाळा काढावयास लावली, ती २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. अडीचशे वर्षांच्या विद्येचे हे फळ होय.

मात्र या सर्व काळात पशुवैद्याचे लक्ष प्रामुख्याने घोड्यावर आणि गाईबैलांवर होते. गावचा सरकारी दवाखाना लोकांच्या तोंडी ‘गुरांचा दवाखाना’ असाच राहिला. अंगणात बैल उभा करावयाचा खोडा, आत घटसर्पाची आणि फऱ्याची लस, आणि डॉक्टर बहुधा फिरतीवर. घोड्याची जागा मोटारीने घेतली, शहरे वाढली, एकत्र कुटुंबे विभागली आणि मराठीतले कुत्रे काय किंवा कोंकणीतले सुणें काय, अंगणातून उठून दिवाणखान्यात आले. मग त्याच्यासाठी स्वतंत्र दवाखाने निघाले. म्हणजे शेजारचा हा दवाखाना आपल्या समाजात अगदी तरुण आहे. त्याच्याशी कसे वागावे, याची रूढी अद्याप पडलेली नाही. ती आपल्या वागण्यातूनच पडावयाची आहे.

तेव्हा निवड करताना काय पाहावे? पहिली गोष्ट विद्येची. १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याप्रमाणे नोंदवहीत नाव असलेल्या पदवीधरासच पशुवैद्यकाचा व्यवसाय करता येतो. पदविकाधारकांना काही किरकोळ सेवा देण्याची मुभा राज्य सरकार देऊ शकते, पण तीही नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखाली. म्हणून नोंदणीक्रमांक विचारण्यात संकोच नको आणि सांगणाऱ्यास राग येऊ नये. औषधाच्या दुकानात बसलेला जाणता गृहस्थ कितीही मायाळू असला, तरी तो वैद्य नव्हे.

दुसरी गोष्ट पद्धतीची. चांगला वैद्य सुई हातात घेण्यापूर्वी प्रश्न विचारतो: खाणे कसे आहे, पाणी किती पितो, लघवी केव्हा झाली, लस केव्हा टोचली? तो जनावराचे वजन करतो, कारण औषधाची मात्रा वजनावर ठरते. टेबल पुसलेले आहे काय, सुई नवी आहे काय, लशी शीतपेटीत ठेवल्या आहेत काय, हे डोळ्यांना दिसण्यासारखे आहे. खर्चाचा अंदाज तो आधी सांगतो, औषधांची नावे स्वच्छ लिहून देतो, आणि दुखणे आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर मोठ्या रुग्णालयाची वाट दाखवितो. वाट दाखविणे हा कमीपणा नसून प्रामाणिकपणा आहे. रात्री-अपरात्री कोणाकडे जावयाचे, हेही त्यालाच आधी विचारून ठेवावे. श्वास अडकलेल्या जिवाला घेऊन पत्ता शोधीत हिंडणे कोणाच्याही नशिबी येऊ नये. आणि ही सारी पारख जनावर धडधाकट असताना करावी. पहिली भेट लशीची असली म्हणजे त्या प्राण्यालाही दवाखान्याचा वास ओळखीचा होतो.

वैद्याची पारख करणाऱ्या धन्याचीही एक परीक्षा असते. जनावर बोलत नाही, म्हणून धन्याने खरे बोलले पाहिजे. काल लग्नघरचे काय खाऊ घातले, आपणच घरी कोणती गोळी दिली, दुखणे किती दिवस अंगावर काढले, हे लपविल्यास निदान चुकते. माणसाच्या तापावरची पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला विषासारखी बाधते, हे कित्येक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसते. रस्त्यात भेटलेल्या डॉक्टरांकडून फुकटचा सल्ला काढावयाचा आणि दवाखान्यात शुल्कावरून हुज्जत घालावयाची, ही रीतही सोडावी. कुत्र्याला साखळीने आणि मांजराला झाकलेल्या टोपलीतून न्यावे. इतर रुग्णांचाही तो हक्क आहे. लशीचे टिपण जपून ठेवावे. वैद्याकडून गंभीर हयगय झाली असे वाटल्यास शेजाऱ्यापाजाऱ्यांत बोभाटा करण्याऐवजी कागदपत्रांसह राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे दाद मागावी. कौटिल्याच्या काळी जो जाब राजा विचारीत असे, तो विचारण्याची आजची वाट हीच आहे.

लशीविषयी जुन्या पिढीतले लोक म्हणतात, ‘आमच्या वेळी कुत्र्यांना कोण लस टोचीत होते?’ त्यांना दोन गोष्टी सांगाव्या. पिल्लांना रक्ताची हगवण लावून मारणारा पार्व्हो हा रोग जगात ओळखला गेला तोच १९७८ साली. त्यांच्या बालपणी तो नव्हताच. आणि रेबीज तर तेव्हाही होता. त्यात माणसे मरत आणि घरोघर त्याची धास्ती असे. गोव्यात २०१४ पासून शासनाच्या सहभागाने कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणाची मोठी मोहीम झाली. शंभरांतील सत्तर कुत्र्यांना लस मिळाली म्हणजे रोगाची साखळी तुटते, या हिशेबावर ती उभी होती. रेबीजने होणारे माणसांचे मृत्यू तेथे जवळजवळ थांबले. शेजारच्या दवाखान्यात टोचलेली एक सुई केवळ आपल्या कुत्र्याचे रक्षण करीत नाही; शेजारच्या मुलाचेही करते.

कौटिल्याने दंडाचे माप म्हणून जनावराची किंमत धरली होती. घोड्याला बाजारभाव असे, तेव्हा ते माप त्या काळी पुरेसे होते. रस्त्यावरून उचलून आणलेल्या गावठी कुत्र्याला, माळ्यावर व्यालेल्या मांजरीच्या पिल्लाला बाजारात कवडीही मिळणार नाही. राजाला त्याचा उपयोग नाही, सरकारी हिशेबात त्याची किंमत नाही. त्याचे मोल ठरविणारे जगात एकच घर असते. त्या घराने वैद्य निवडताना आळस केला, तर त्या जिवाच्या वतीने बोलणारा दुसरा कोणीही उरत नाही.