दरवाज्याकडे पाठ

आमच्या तरुणपणी बडनेऱ्याहून एसटीनं चिखलदऱ्याला जायचं आणि तिथून गाविलगड पायी गाठायचा, असा रिवाज होता. वाट चालताना डोंगर ओळखीचा व्हायचा.

ही ओळख इंग्रजांनाही करून घ्यावी लागली. डिसेंबर १८०३ मध्ये कर्नल स्टीव्हन्सनची फौज एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपुराहून निघाली. डोंगरातून वाट पाडत, तोफा ओढत गडाच्या उत्तरेला पोचायला तिला पाच दिवस लागले. १५ डिसेंबरला गड पडला.

गडाचा दिल्ली दरवाजा मात्र उभा आहे. त्यावर सिंह आहेत, आणि हत्तींना धरलेला दोन तोंडांचा गंडभेरुंड. ही खूण विजयनगरकडची. वऱ्हाडात इमादशाही स्थापणारा फतेहउल्ला जन्मानं तिकडचाच हिंदू, पुढं मुसलमान झालेला. आपलं मूळ त्यानं लपवलं नाही, असंच हा दगड सांगतो.

मागच्या हिवाळ्यात मी त्या दरवाज्यापुढं बसलो होतो. जो येई, तो दरवाज्याकडे पाठ करून मोबाइलवर स्वतःचा फोटो काढी आणि निघे. एका पोराला म्हटलं, "बेटा, जरा मागं वळून पाह्य."

"काका, याले त दोन तोंडं हायेत!"

मग आम्ही दोघं हत्ती मोजत बसलो.