टेंभी नाक्याची अक्षरं किती?

टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत एक छोटंसं वाचनालय आहे. एक गाळा, तीन भिंतींना कपाटं आणि चौथ्या बाजूला शटर. नवरात्रात नाक्यावरचा रस्ता बंद झाला की काका वाचनालयही बंद ठेवतात, कारण शटरसमोर चप्पल काढायलासुद्धा जागा उरत नाही. बाकी वर्षभर संध्याकाळी पाच ते आठ. काका (त्यांना सगळे काकाच म्हणतात) तरुणपणी छापखान्यात जुळारी होते. म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवायच्या, ते काम. मी शाळेपासून तिथला सभासद आणि नोकरी लागल्यापासून तिथलं फुकट आयटी डिपार्टमेंट.

गेल्या वर्षी मी त्यांना सभासदांची यादी पीएचपीमध्ये करून दिली. नाव टाईप करा, 'शोधा' दाबा, कुणी कुठलं पुस्तक कधी नेलं ते दिसतं. दोन शनिवारांचं काम. फुशारकी मारण्यासारखं त्यात काही नव्हतं, पण मारली :)

मग एका संध्याकाळी कऱ्हाडे बाई आल्या. बाई निवृत्त शिक्षिका, वीस-बावीस वर्षांच्या सभासद. काका गावाला गेले होते, गल्ल्यावर त्यांचा पुतण्या होता. त्याने आडनाव टाकलं. 'सभासद सापडला नाही.' परत टाकलं, परत तेच. "बाई, तुमचं नावच नाहीये यादीत. नवीन फॉर्म भरावा लागेल, डिपॉझिटही." बाई काही बोलल्या नाहीत. हातातलं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि निघून गेल्या. हे मला दोन दिवसांनी कळलं, आणि कळल्यावर जेवण गेलं नाही. कारण बाईंचं नाव यादीत होतं. मी डोळ्यांनी बघत होतो!

यादीतलं आडनाव: कर्‍हाडे. पुतण्याने टाकलेलं आडनाव: कऱ्हाडे. फरक सांगा पाहू. नाही ना दिसत? मलाही दिसला नाही. शेवटी दोन्हींवर स्ट्रलेन चालवलं. स्ट्रलेन म्हणजे स्ट्रिंगची लांबी मोजणारं पीएचपीचं फंक्शन. एकाचं उत्तर आलं २४, दुसऱ्याचं २१. तीन अक्षरी आडनाव!

त्या रात्री मी गंमत म्हणून 'टेंभी नाका' मोजायला दिलं. स्ट्रलेन म्हणालं २८. त्याचं भावंड एमबी-स्ट्रलेन म्हणालं १०. माझ्या आईला विचारलं तर ती म्हणाली, "चार. का रे, बरं आहे ना?"

आता २८, १० आणि ४ यातलं बरोबर काय? मजा अशी की तिन्ही बरोबर आहेत. प्रत्येकजण वेगळी वस्तू मोजतोय, आणि कोण काय मोजणार हे वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या साली, वेगवेगळ्या गावांत ठरवून ठेवलंय. पुढचे दोन-तीन वीकेंड मी हेच वाचत बसलो.

सुरुवात पीएचपीपासून करू. रासमुस लेर्डॉर्फ हा ग्रीनलंडमध्ये जन्मलेला, कॅनडात वाढलेला गडी. १९९४ मध्ये त्याने स्वतःच्या वेबपेजसाठी सी भाषेत काही साधनं लिहिली आणि जून १९९५ मध्ये ती सगळ्यांना खुली केली. नावसुद्धा 'पर्सनल होम पेज टूल्स'. भाषा वगैरे बनवायचा त्याचा विचार नव्हता. त्यामुळे स्ट्रिंगची कल्पना त्याने सी मधून उचलली: स्ट्रिंग म्हणजे बाइटांची माळ. बाइट म्हणजेच अक्षर, कारण इंग्रजीत ते तसं असतं. फंक्शनांच्या नावांमधला गोंधळ (कुठे अंडरस्कोअर आहे, कुठे नाही, कुठे गवताची गंजी आधी, कुठे सुई आधी) याच काळातला. रासमुसने २०१३ मध्ये स्वतःच कबूल केलंय की अगदी सुरुवातीला फंक्शनं शोधण्यासाठी नावाची लांबी हाच हॅश होता, म्हणून नावं मुद्दाम वेगवेगळ्या लांबीची ठेवली जायची. म्हणजे आपण रोज ज्यांना शिव्या घालतो त्या नावांच्या मुळाशीही स्ट्रलेनच आहे. असो.

पुढे झीव्ह सुरास्की आणि अँडी गुटमन्स या इस्रायली जोडीने इंजिन नव्याने लिहिलं आणि १९९८ मध्ये पीएचपी ३ आलं. जुन्या पीएचपीत कुणी दोन विसर्गचिन्हांची (म्हणजे ::) चूक केली की 'पामायिम नेकुदोतायिम' अशी अगम्य एरर यायची, ती या दोघांची कृपा. हिब्रूत त्याचा अर्थ 'दोनदा विसर्गचिन्ह'. आणि पीएचपीत 'हिब्रेव्ह' नावाचं एक फंक्शन आहे, हिब्रू मजकूर उजवीकडून डावीकडे नीट दाखवण्यासाठी. बहुबाइटी मजकुरासाठीची एमबी-वाली फंक्शनं जपानी प्रोग्रामरांनी आणली, कारण त्यांचं त्याशिवाय चालतच नव्हतं. थोडक्यात, जो पंगतीला बसला त्याच्या पानात वाढलं गेलं. हिब्रूसाठी सोय झाली, जपानीसाठी झाली. मराठीसाठी तेव्हा कुणी पानावर नव्हतं.

पण म्हणजे आपल्याकडे कुणी काही करत नव्हतं असं मुळीच नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालं आणि आयआयटी कानपूरमध्ये जन्मलेलं जिस्ट तंत्रज्ञान तिथे आलं. संगणकात एक कार्ड खोचायचं की पडद्यावर देवनागरी उमटायची. त्याच्यामागची सांकेतिक व्यवस्था म्हणजे इस्की, जी १९९१ मध्ये भारतीय मानक झाली. हिची रचना फार शहाणी होती. आपल्या सगळ्या लिप्या ब्राह्मीच्या लेकी, तर सगळ्यांना एकच आराखडा: 'क' ची जागा मराठीतही तीच, तेलुगूतही तीच. आणि जोडाक्षरांसाठी वेगळे आकडे नाहीत. मुळाक्षर, हलन्त, मुळाक्षर असं साठवायचं, आकार काय दाखवायचा ते यंत्राने बघावं. काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आमच्या उलट. आमच्याकडे जोडाक्षराचा खिळाच वेगळा, केसमधला खणही वेगळा. किती खण पाठ करावे लागायचे, तुला कल्पना नाही."

इस्कीत एका चिन्हाला एकच बाइट. म्हणजे इस्कीतला 'टेंभी नाका' रासमुसच्या त्या पहिल्या स्ट्रलेनला दिला असता तर उत्तर आलं असतं १०. ट, एकाराची मात्रा, अनुस्वार, भ, दीर्घ वेलांटी, मोकळी जागा, न, काना, क, काना. मोजून बघा.

ऑक्टोबर १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, आणि तिने देवनागरीचा तक्ता इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीवरून घेतला. मग १० चे २८ कसे झाले? त्याला कारण यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर हा आराखडा मांडला अशी प्रसिद्ध गोष्ट आहे (आणि ती पाइकने स्वतःच सांगितली आहे). त्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. नऊ त्रिक सत्तावीस, अधिक एक मोकळी जागा, अठ्ठावीस! मला या आराखड्याचा राग नाही, तो अतिशय हुशार आहे आणि वेब त्याच्यावरच उभं आहे. पण याचा परिणाम असा की पीएचपीला 'पहिले वीस द्या' असं सांगितलं तर तो 'टेंभी न' देतो आणि पुढच्या कान्याचा एक तृतीयांश तुकडा. पडद्यावर प्रश्नचिन्हवाला चौकोन दिसतो तो हाच. पावतीवर नावं एका रेषेत आणायला स्ट्र-पॅड वापरा, मराठी नावं नाक्यावरच्या ट्रॅफिकसारखी वेडीवाकडी उभी राहतात. त्याचं एमबी भावंड यायला नोव्हेंबर २०२३ उजाडला, पीएचपी ८.३ मध्ये.

मधे एकदा हे सगळं मुळापासून सुधारायचा प्रयत्न झाला होता, आणि मला या इतिहासातला हाच भाग सगळ्यात चटका लावून जातो. २००५ च्या सुमारास आंद्रेई झ्मिएव्स्कीच्या पुढाकाराने पीएचपी ६ चं काम सुरू झालं. कल्पना अशी की प्रत्येक स्ट्रिंग आतून युनिकोडच असेल. त्यासाठी यूटीएफ-१६ निवडलं. पण बाहेरचं जग, म्हणजे वेबपेजं, फायली, डेटाबेस, सगळं यूटीएफ-८ कडे सरकत होतं. म्हणजे आत येताना रूपांतर, बाहेर जाताना रूपांतर. साध्या इंग्रजी स्ट्रिंगलाही दुप्पट मेमरी. वेग घसरला, काम किचकट झालं, ते समजणारे हात कमी पडले. मार्च २०१० मध्ये ते गुंडाळलं गेलं. तोवर बाजारात पीएचपी ६ ची पुस्तकंसुद्धा आली होती (न जन्मलेल्या बाळाची पत्रिका!), म्हणून २०१५ मध्ये पुढची आवृत्ती आली ती थेट ७ क्रमांकाने. ऑफिसमध्ये नवीन मुलं विचारतात की ६ कुठे गेलं. ६ मध्ये आपली अक्षरं होती बाळांनो.

पण समजा, पीएचपी ६ आलं असतं, तरी बाईंचं नाव सापडलं असतं का? नाही. त्याने फार तर २८ चे १० केले असते. आईच्या ४ पर्यंत तोही पोचला नसता.

आईच्या हिशोबाला युनिकोडवाले 'ग्राफीम क्लस्टर' म्हणतात, आपण साधं अक्षर म्हणू. मात्रा, वेलांटी, अनुस्वार मुळाक्षराला चिकटून एकच, हे त्यांच्या नियमांत बऱ्याच आधी आलं. पीएचपीतही २००९ पासून, ५.३ मध्ये, ग्राफीम-स्ट्रलेन आहे. पण जोडाक्षर एकच अक्षर धरायचं की दोन? अनेक वर्षं नियम म्हणत होता दोन. 'क्ष' म्हणजे 'क्' आणि 'ष'. पहिलीतल्या पोरालाही जे कळतं ते नियमात यायला सप्टेंबर २०२३ उजाडला, युनिकोड १५.१ मध्ये. आणि स्ट्रिंगचे अक्षरागणिक तुकडे करून देणारं फंक्शन पीएचपीत आलं नोव्हेंबर २०२४ मध्ये, ८.४ सोबत. रासमुसच्या पहिल्या आवृत्तीनंतर २९ वर्षांनी.

आता बाईंच्या 'ऱ्ह' कडे येतो. हा अर्धा 'ऱ' हे खास आपलं लाडकं बाळ, हिंदीवाल्यांना याची गरजच पडत नाही. आपल्याला पडते, कारण 'आचार्यास' म्हणजे गुरुजींना आणि 'आचाऱ्यास' म्हणजे स्वयंपाक्याला, आणि दोघांनाही चूक खपत नाही. युनिकोडने तो लिहायची अधिकृत पद्धत दिली: 'ऱ', हलन्त, मग पुढचं अक्षर. पण जुन्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला दुसरीही पद्धत चालू ठेवली: साधा 'र', हलन्त, त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, मग पुढचं अक्षर. दिसायला तंतोतंत सारखं. पहिल्यात ७ चिन्हं, २१ बाइट. दुसऱ्यात ८ चिन्हं, २४ बाइट. काकांची जुनी यादी डीटीपीच्या फॉन्टमध्ये होती, ती मी एका कन्व्हर्टरमधून काढली आणि कन्व्हर्टरने दुसरी पद्धत वापरली. पुतण्याने मोबाइलसारखा कीबोर्ड वापरला, त्याने पहिली. पीएचपीने बाइट ताडून पाहिले आणि इमानदारीत सांगितलं: ही बाई ती बाई नव्हे.

मग मी अख्खी यादी तपासली. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बऱ्हाटे, सगळे अर्धे गायब. त्याशिवाय वकील मंडळी! आपल्या 'ॲ' ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा (क्रमांक ०९७२) मिळाली एप्रिल २००८ मध्ये. त्याआधीचे लोक 'अ' वर चंद्र काढून भागवायचे, काहीजण हिंदी वळणाचा 'ऍ' वापरायचे. तिन्ही यंत्राच्या लेखी वेगळे, आणि युनिकोडचं प्रमाणीकरणही त्यांना एक मानत नाही. कोर्ट नाका हाकेच्या अंतरावर असल्याने आमच्या सभासदांत 'ॲड.' भरपूर. तीन जातींचे ॲडव्होकेट निघाले.

दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची. अदृश्य जोडचिन्हवाला 'र' दिसला की 'ऱ' करा, नुक्तावाल्या 'र' साठी नॉर्मलायझर चालवा, 'ॲ' च्या तिन्ही जाती एकत्र करा. साठवतानाही आणि शोधतानाही. वीस मिनिटं लागली. हे मी पहिल्याच शनिवारी करायला हवं होतं, कारण मराठी माणसांची यादी करतोय हे मला माहीत होतं. रासमुसला माहीत नव्हतं, त्याला माफ आहे.

पुढच्या रविवारी पुस्तक घेऊन बाईंकडे गेलो. आधी त्यांनी दारातच ठेवलं. मी म्हटलं, "बाई, चूक माझी होती, तुमचं नाव यादीत आहे. पहिल्यापासून होतं." त्यांनी आत बोलावलं, चहा टाकला, आणि सगळं समजावून सांग म्हणाल्या. मी वहीच्या पानावर 'ऱ' च्या दोन्ही रीती काढून दाखवल्या. बाईंनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "आमच्या वर्गात असं लिहिलं असतंस तर दोन्हीला पूर्ण मार्क दिले असते. मग आता तुझ्या त्या यंत्राला माझं आडनाव किती अक्षरी वाटतं?"

"तीन," मी म्हटलं.

माझ्या लॅपटॉपवर तीनच येतात. काकांनी घेतलेल्या स्वस्तातल्या होस्टिंगवर मात्र युनिकोडचे नियम सांभाळणारी लायब्ररी २०२३ च्या आधीची आहे, तिथे अजून चार येतात. होस्टिंगवाल्यांना मेल टाकलाय. बाईंना सांगितलेलं नाही.