रात्रीच्या रानात कोण जात होते? लदेणीच्या तांड्यापासून आंबोलीच्या रात्रफेरीपर्यंत

१/ वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो. या समाजाच्या पूर्वजांसाठी रान ही मुक्कामाची जागा होती. आज पावसाळ्यात शहरातील तरुण बॅटरी घेऊन आंबोलीच्या रानात बेडूक आणि साप पाहायला जातात. या दोन रात्रींच्या मध्ये काय घडले, त्याचा हा धागा.

२/ सतराव्या शतकात भारतात फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ असे. हीच ती लदेणी. मोगल असोत वा मराठे, दूरच्या मोहिमेवर निघालेल्या फौजेचे पोट या बैलांवर अवलंबून होते. कोकणातील मीठ घाट चढून देशावर येई आणि देशावरील धान्य खाली उतरे.

३/ एवढा तांडा गावात मावत नसे, म्हणून मुक्काम माळावर किंवा रानात पडे. उतरवलेल्या गोण्यांची रास रचून आडोसा केला जाई, आत माणसे आणि गुरे, भोवती शेकोट्या आणि राखणीला कुत्री. वाघ-बिबट्याची चाहूल कुत्र्यांना आधी लागे. अंधाराकडे पाहायचे ते जनावरापासून वाचण्यासाठी. ते पाहण्यासाठी अंधारात शिरावे, असा विचार कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते.

४/ १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १८६७ मध्ये रेल्वे वऱ्हाड ओलांडून नागपूरला पोहोचली आणि बैलांवरच्या वाहतुकीचा कणा मोडला. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला. या कायद्याचा फास देशाच्या अनेक भागांत बंजारा गटांभोवतीही आवळला गेला. १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगले आखली. जे रान मुक्कामाचे होते, तेथे पाऊल टाकणे आता परवानगीचा विषय झाले.

५/ परवानगी मिळत होती ती शिकाऱ्याला. जेम्स फोर्सिथ या अधिकाऱ्याचे मध्य भारतातील डोंगररानांवरील प्रसिद्ध पुस्तक १८७१ चेच. रात्रीच्या शिकारीची पद्धत ठरलेली असे. उन्हाळ्यात पाणवठे आटतात, उरलेल्या एखाद्या डोहावर जनावराला यावेच लागते. तेथे झाडावर मचाण बांधायचे, चांदणी रात्र निवडायची आणि वाट पाहायची. जागा दाखवणारा, माग काढणारा, मचाण बांधणारा माणूस स्थानिक. नाव मात्र बंदूकवाल्याचे.

६/ विसाव्या शतकात मोटार आणि तीव्र झोताची बॅटरी आली आणि चांदण्याचीही गरज संपली. अनेक निशाचर प्राण्यांच्या डोळ्यांत दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा एक थर असतो. अंधुक उजेडाचा दुसऱ्यांदा उपयोग व्हावा, यासाठी निसर्गाने केलेली ही सोय. झोत पडताच हेच डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि प्राणी क्षणभर खिळून उभा राहतो. शिकाऱ्याला तेवढा क्षण पुरे होई.

७/ म्हणूनच १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीवर जी बंधने आली, त्यांत रात्रीची शिकार, कृत्रिम प्रकाशाचा वापर आणि पाणवठ्यावरची शिकार यांचा स्वतंत्र उल्लेख होता. १९९१ च्या दुरुस्तीने क्रीडा म्हणून होणाऱ्या शिकारीचा दरवाजा पूर्ण बंद केला. मचाण आणि बॅटरी ही दोन्ही साधने मात्र उरली. पुढच्या इतिहासात त्यांचेच काम बदलले.

८/ विदर्भात हा बदल एका पौर्णिमेने घडवला. वैशाखातील बुद्धपौर्णिमा म्हणजे भर उन्हाळा, आटलेले पाणवठे आणि रात्रभर चांदणे. मेळघाट, ताडोबा, नागझिरा अशा जंगलांत वन विभागाने याच रात्री पाणवठ्यावरील प्राणीगणना सुरू ठेवली. पद्धत शिकाऱ्याची, हाती बंदुकीऐवजी वही. अस्वल किती वाजता आले, गवे किती, पिल्ले किती, याची नोंद करत स्वयंसेवक रात्र जागून काढू लागले.

९/ शास्त्रीयदृष्ट्या ही गणना कच्ची होती. एकच प्राणी दोन पाणवठ्यांवर मोजला जाई आणि पाण्यावर न आलेला प्राणी नोंदीतून सुटे. पुढे वाघांच्या गणनेसाठी कॅमेरा ट्रॅप आले. तरीही पौर्णिमेची रात्र संपली नाही. वन विभागाने ती ‘निसर्गानुभव’ म्हणून चालू ठेवली. आकड्यांपेक्षा रात्र अनुभवणे महत्त्वाचे, हे अधिकृतपणे मान्य झाले.

१०/ मराठी वाचकाच्या मनात ही रात्र रुजवण्याचे मोठे श्रेय मारुती चितमपल्ली यांना जाते. वनाधिकारी म्हणून त्यांचे आयुष्य नवेगाव, नागझिरा, मेळघाटच्या रानांत गेले. त्यांच्या एका गाजलेल्या पुस्तकाचे नावच ‘रातवा’. दिवसा पाचोळ्यात बेमालूम मिसळणारा आणि अंधार पडताच कीटक टिपणारा हा पक्षी. आदिवासींकडून ऐकलेले रानाचे शब्द त्यांनी मराठी गद्यात आणले.

११/ मचाणावरून मात्र मोठेच प्राणी दिसतात. बोटाच्या पेराएवढा बेडूक किंवा पानामागचा कोळी पाहायचा तर खाली उतरून चालावे लागते. त्यासाठी रान ओले हवे. येथे कथा कोरड्या विदर्भातून सह्याद्रीच्या माथ्यावर, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आंबोलीत येते.

१२/ आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे कड्याला अडतात. वर्षाकाठी पाऊस सुमारे ७,००० मिलिमीटर आणि बहुतेक सगळा चार महिन्यांत. मध्य अमेरिकेतील मेघवने जवळजवळ वर्षभर धुक्यात असतात. आंबोलीचे रान फक्त पावसाळ्यापुरते मेघवन होते. म्हणून येथील बेडकांचे प्रणय, अंडी, पिल्ले हे सारे त्या थोड्या महिन्यांत उरकावे लागते.

१३/ आंबोली नकाशावर आली ती वाटेमुळे. वेंगुर्ल्याचे बंदर आणि बेळगावची छावणी यांच्यामध्ये सावंतवाडी संस्थानचा घाट होता. एकोणिसाव्या शतकात येथे गाडीरस्ता झाला आणि माथ्यावर थंड हवेचे ठिकाण वसले. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० चा. तीनच वर्षांनी, १८८३ मध्ये, मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीय होते.

१४/ त्या काळचे प्राणिशास्त्र मुख्यतः नमुन्यांवर चाले. आल्फ्रेड वॉलेसला बोर्निओतील उडता बेडूक एका चिनी मजुराने आणून दिला आणि १८६९ च्या ग्रंथामुळे तो जगप्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी थॉमस जर्डनने मलबारच्या उडत्या बेडकाचे वर्णन केले. पण बाटलीतला बेडूक ओरडत नाही आणि मद्यार्कात त्याचा रंगही टिकत नाही. दोन सारख्या दिसणाऱ्या जाती आवाजाने वेगळ्या ओळखायच्या, तर रात्री पाण्याकाठी उभे राहण्याला पर्याय नसतो.

१५/ शास्त्रज्ञ असे उभे राहू लागले, तेव्हा आंबोलीने नव्या जाती दिल्या. २००३ मध्ये येथून देवगांडुळाची एक जात नोंदली गेली आणि तिला जे. सी. डॅनियल यांचे नाव मिळाले. २००९ मध्ये अंगावर वाघासारखे पट्टे असलेला आंबोली भेक शास्त्राला माहीत झाला. २०१४ मध्ये येथूनच आणखी एका बेडकाचे वर्णन झाले. २०२० मध्ये हिरण्यकेशीच्या उगमकुंडातून नवा मासा आला आणि पुढच्या वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली.

१६/ या शोधांच्या मागोमाग रात्रफेरी रूढ झाली. मलबार नेचर कॉन्झर्वेशन क्लबसारख्या स्थानिक संस्थांतील तरुण वाट दाखवू लागले. फेरी संथ असते, तासाभरात फार अंतर कापले जात नाही. वाटाड्या बॅटरी डोळ्यांच्या पातळीवर धरतो, कारण तेव्हाच परावर्तित उजेड त्याच्याकडे परततो. गवतात दवासारखे चमकणारे बिंदू कोळ्यांचे डोळे निघतात.

१७/ मलबारी चापडा एकाच फांदीवर कित्येक दिवस निश्चल बसतो, म्हणून कालचा साप आजही तेथेच दाखवता येतो. डबक्यावर लोंबणाऱ्या पानांत उडत्या बेडकाचे फेसाचे घरटे असते. पिल्ले फेसातून निसटून थेट खालच्या पाण्यात पडतात. सगळ्या बॅटऱ्या विझवल्या आणि डोळे अंधाराला सरावले, की कधी कुजक्या काटकीवरची बुरशी हिरवट उजळलेली दिसते.

१८/ अशा फेऱ्यांसाठी जगात सर्वांत प्रसिद्ध ठिकाण म्हणजे कोस्टा रिकातील मॉन्टेव्हर्दे. सक्तीची लष्करभरती नाकारणारी क्वेकर पंथाची अमेरिकन कुटुंबे १९५१ मध्ये येथे वसली. पाण्याच्या उगमासाठी त्यांनी माथ्यावरचे रान तोडले नाही. १९७२ मध्ये त्याचेच संरक्षित मेघवन झाले. भारताचा वन्यजीव कायदा त्याच वर्षीचा.

१९/ या वनात सोनेरी भेक राहत असे. वर्षभर दडून राहणारा हा प्राणी पहिल्या पावसात काही दिवस छोट्या डबक्यांवर गर्दी करी. साऱ्या जगात त्याचे घर काही चौरस किलोमीटरचेच. १९८७ मध्ये दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले. १९८८ मध्ये जेमतेम दहा. १५ मे १९८९ रोजी एकच नर दिसला. त्यानंतर कोणालाच काही दिसले नाही. कोरडी पडलेली वर्षे आणि उभयचरांच्या त्वचेवर वाढणारी घातक बुरशी ही प्रमुख कारणे मानली जातात. रान संरक्षित होते, तरी भेक वाचला नाही.

२०/ आंबोली भेकाचे जीवन या कथेशी अस्वस्थ करणारे साम्य दाखवते. त्याचाही विणीतला नर पिवळा. तोही पहिल्या पावसात सड्यावरच्या उथळ डबक्यांवर थोडे दिवस जमतो. त्याचेही घर आंबोलीच्या परिसरापुरते. जागतिक लाल यादीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त अशी आहे.

२१/ मॉन्टेव्हर्देत नसलेला एक धोका येथे आहे. वेंगुर्ले-बेळगाव वाहतुकीने आंबोली वसवली आणि पावसाळी पर्यटनाने तिला गर्दी दिली. पहिला पाऊस पडताच भेक डांबरी रस्ता ओलांडू लागतात आणि त्याच दिवसांत धबधब्यासाठी गाड्याही चढू लागतात. चाकाखाली येणारे कितीतरी जीव विणीला निघालेले असतात.

२२/ रात्रफेरीचे नियमही यातूनच आले. बेडूक हातात घ्यायचा नाही, कारण तो त्वचेतूनही श्वास घेतो आणि डास पळवणारे मलम त्याला बाधते. साप छायाचित्रासाठी हलवायचा नाही. झोत फार वेळ एका प्राण्यावर ठेवायचा नाही. दुसऱ्या रानातले चिखलाचे बूट धुऊन यायचे, कारण बुरशी बुटांबरोबरही प्रवास करते.

२३/ शिकारीच्या काळात वाट दाखवणाऱ्याचे नाव कुठे लिहिले जात नव्हते. आज फेरीच्या पुढे चालणारा गावचा तरुणच कुठे थांबायचे, कुठे बॅटरी विझवायची, हे ठरवतो. सड्यावर नर कोणत्या तारखेला ओरडू लागले, यंदा किती होते, मागच्या वर्षी किती, हेही त्यालाच सर्वांत आधी कळते. मॉन्टेव्हर्देत १९८७ ते १९८९ या तीन वर्षांचे आकडे उरले, कारण कोणीतरी दर पावसाळ्यात त्याच डबक्यांवर परत जात होते.